दंडावरची चकती: लिब्रे सेन्सर गोव्याच्या घामात कितपत सोपा?

फ्रीस्टाईल लिब्रेचा सेन्सर म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड आणि जेमतेम ५ ग्रॅम वजनाची पांढरी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला ती चिकटवली की तिच्या पोटातून निघालेला, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असा लवचीक धागा कातडीखाली साधारण ५ मिलिमीटर जाऊन बसतो आणि १४ दिवस साखर मोजत राहतो. सुई आत राहत नाही. धागा पोचवून ती तिथल्या तिथे मागे फिरते. 'कातडीखाली' हा शब्द ऐकून ज्या गोष्टीची धास्ती वाटते, ती या यंत्रात सगळ्यात कमी त्रासाची आहे. बोटाच्या टोकाला टोचून घेताना जितकं दुखतं तितकंही बहुतेकांना दुखत नाही, कारण बोटाच्या टोकावर नसांची जितकी दाटी असते तितकी दंडाच्या मागे नसते.

गोव्यात हा विषय घरोघरचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. तेव्हा यंत्र चांगलं की वाईट एवढं विचारून भागत नाही. मे महिन्यातल्या उकाड्यात, चार महिन्यांच्या पावसात, मासे-भाताच्या ताटासमोर आणि साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात ते कसं चालतं, हे बघायला हवं.

इथे परीक्षण आहे ते पहिल्या लिब्रेचं, म्हणजे फोन जवळ नेऊन स्कॅन करायच्या सेन्सरचं. लिब्रे २ मध्ये ब्लूटूथ आहे आणि साखर फार खाली-वर गेली तर अलार्म वाजतो. पहिल्यात अलार्मच नाही. खोकी दिसायला सारखीच, म्हणून पैसे देण्याआधी नाव नीट वाचा. ज्यांना रात्री साखर उतरल्याची जाणीव होत नाही, त्यांनी अलार्म नसलेला सेन्सर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

असं यंत्र वापरायला सोपं आहे का, हे ठरवायची आमची कसोटी साधी आहे: कुठली कामं कारखान्यातच उरकली आणि कुठली रुग्णाच्या गळ्यात राहिली? मेडट्रॉनिक कंपनीचं असंच साखर मोजणारं यंत्र, गार्डियन कनेक्ट, उदाहरण म्हणून घ्या. त्यात सेन्सर वेगळा, आकडे फोनला पाठवणारा ट्रान्समीटर वेगळा. ट्रान्समीटर चार्ज करायचा, वरून टेप लावायची आणि दर बारा तासांनी बोटाचं रक्त तपासून तो आकडा यंत्राला द्यायचा. दिला नाही तर रीडिंग बंद. लिब्रेने हे बोट टोचून जुळवणं पूर्ण काढून टाकलं. प्रत्येक बॅचची संवेदनशीलता कारखान्यात मोजली जाते आणि ती माहिती सेन्सरसोबतच येते. चार्जिंग नाही, जोडाजोडी नाही. म्हातारपणी हात थरथरणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी सुटका आहे, हे रोज पट्टीवर रक्ताचा थेंब टेकवणाऱ्याला विचारा.

हे जमलं ते धाग्याच्या टोकावरच्या रसायनामुळे. तिथे ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली एन्झाइमचा इलेक्ट्रोड मांडला, त्या घराण्यातलंच हे. जुन्या पद्धतीत एन्झाइमने बनवलेला हायड्रोजन पेरॉक्साइड मोजतात. त्यासाठी बराच जास्त विजेचा दाब लागतो आणि त्या दाबाला पॅरासिटामॉलसारखं औषधही इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ होऊन आकडा फुगवतं. रसायनशास्त्रज्ञ ॲडम हेलर यांच्या 'वायर्ड एन्झाइम' पद्धतीत ऑस्मियम या धातूचा दुवा इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला पोचवतो, म्हणून फार थोड्या दाबावर काम भागतं. तापासाठी पॅरासिटामॉल घेतली की रीडिंग बिघडायचं, हा ताप लिब्रेत नाही तो यामुळे. व्हिटॅमिन सीचा मात्र आहे. चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर आकडा खोटा चढू शकतो. सर्दी झाली की या गोळ्या पेपरमिंटसारख्या चघळायची आपल्याकडे सवय आहे. सेन्सर असेपर्यंत ती थांबवा, आणि मोठ्या डोसची ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, तिच्यामुळे आकडा थोडा खाली येऊ शकतो.

आता लावायची रीत. खोक्यात दोन मुख्य वस्तू असतात: सेन्सरचा पॅक आणि ॲप्लिकेटर. दोन्हींवरचा कोड एकच आहे ना, ते आधी बघा. जागा निवडा: दंडाच्या मागचा मऊ भाग, जिथे हात वळवल्यावर कातडी फार ताणली जात नाही. इन्सुलिन टोचायच्या जागेपासून किमान अडीच सेंटीमीटर लांब. बायकांनी ब्लाउजची बाही कुठे संपते ते बघावं. घट्ट बाहीची कड नेमकी चकतीवर आली तर ब्लाउज उतरवताना सेन्सर सोबत निघतो. जागा साध्या साबणाने धुवा. मॉइश्चरायझर असलेला साबण नको, खोबरेल तर मुळीच नको. धुतल्यावर कोरडं करा, खोक्यातल्या स्पिरिटच्या पट्टीने पुसा आणि ते उडून जाईपर्यंत थांबा. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ लागते.

पॅकचं झाकण सोला, ॲप्लिकेटरचं टोपण फिरवून काढा. दोन्हींवरच्या गडद खुणा समोरासमोर आणा आणि टेबलासारख्या कडक जागेवर ॲप्लिकेटर खाली थांबेपर्यंत दाबा. गादीवर बसून हे केलं की पुरतं दाबलं जात नाही, सेन्सर अर्धवट चढतो. वर उचलला की ॲप्लिकेटर भरलेल्या बंदुकीसारखा आहे असं समजा. त्यात सुई तयार असते. दंडावर टेकवण्याआधी चुकून दाबला तर सुटतो आणि सेन्सर वाया. आतमध्ये बोट घालून बघू नका, टोपण परत लावू नका. दंडावर सपाट टेकवून घट्ट दाबा, 'खट्' आवाज येतो, पाच-सहा सेकंद दाबून धरा आणि सरळ मागे ओढा. मग चकतीच्या कडेने बोट फिरवून चिकट भाग बसवा. थोडं रक्त आलं तर घाबरू नका, कापूस धरा. मधल्या भोकातून रक्त वाहतच राहिलं तर मात्र त्या सेन्सरच्या आकड्यांवर विसंबू नका. ते बारीक भोक कशानेही झाकायचं नाही, वरून टेप लावायची असेल तर भोक मोकळं राहील अशी कापून लावा.

लावल्यावर ६० मिनिटं सेन्सर काही सांगत नाही. खरं तर पहिला अख्खा दिवसच थोडा कच्चा धरावा. कातडीखाली बाहेरची वस्तू गेली की शरीर तिथे सूज आणतं, पेशी जमा होतात आणि धाग्याभोवतीच्या द्रवातली साखर काही तास आजूबाजूसारखी राहत नाही. म्हणून संध्याकाळी लावावा, रात्र जाऊ द्यावी आणि सकाळच्या नाश्त्यापासून मनावर घ्यावं. पहिल्या दिवशीचा आकडा बघून इन्सुलिन वाढवणं धोक्याचं आहे.

हवामानाकडे आलं की गुण कापावे लागतात. बंद खोकं ४ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घरातही २५ अंश कुठे असतात? म्हणून फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ नको, आणि लावायच्या आधी न उघडता बाहेर काढून ठेवा म्हणजे आत दव धरत नाही. विकत घेतानाही दुकानात माल कुठे ठेवला होता ते विचारा. पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर महिनाभर पडलेलं खोकं आणि एसी दुकानातलं खोकं यांत फरक आहे, कारण एन्झाइम उष्णतेने मरतं आणि ते बाहेरून दिसत नाही. कुरियरने मागवायचं असेल तर उन्हाळ्यात टाळाच. लावल्यावर सेन्सर १० ते ४५ अंशांत चालतो, तिथे अडचण नाही. पार्क केलेल्या गाडीत रीडर (फोनऐवजी स्कॅन करायचं यंत्र) विसरू नका, एवढंच.

चिकटपणा ही याची खरी दुखरी बाजू. चौदा दिवस टिकायला हवा तो डिंक, घामाने आणि दमट हवेने दहाव्या-अकराव्या दिवशी कड सोडायला लागतो. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, त्यामुळे डिंक चांगला असला तरी तो ज्याला धरून असतो तेच सुटतं. कड सुटली की बसच्या खिडकीला, दाराच्या चौकटीला, पाठपिशवीच्या पट्ट्याला ती अडकते. उपाय एकच: पहिल्या दिवसापासून वरून श्वास घेणारी वैद्यकीय टेप किंवा तयार गोल पट्टी लावायची. आठव्या दिवशी कड सुटल्यावर लावलेली टेप सेन्सर वाचवत नाही, कारण तोवर धागा हलू लागलेला असतो. शेतात, जेटीवर किंवा बेकरीच्या भट्टीसमोर काम करणाऱ्यांनी हा खर्च धरूनच चालावं. डिंकाखाली खाज, पुरळ, पाणी भरलेले फोड आले तर सहन करत बसू नका. आयसोबोर्निल ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी जुन्या लिब्रेच्या बाबतीत त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्येच नोंदली आहे. घामोळं आणि ही ॲलर्जी यांत ओळखायची खूण अशी की ॲलर्जीचं वर्तुळ अगदी चकतीच्या आकाराचं उमटतं.

पाण्याचं काय? १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटं. आंघोळ, पाऊस, कमरेएवढ्या समुद्रात उभं राहणं चालेल. २४ जूनला सांजांवच्या दिवशी विहिरीत उडी मारणाऱ्याला चालणार नाही. उडीबरोबर माणूस १ मीटरच्या कितीतरी खाली जातो आणि पाण्याचा मारही चकतीवर बसतो. त्या आठवड्यात नवा सेन्सर लावूच नये.

आता आकडा वाचण्याबद्दल, कारण सोपेपणाची सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. सेन्सर रक्त मोजत नाही. तो पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो आणि तिथे साखर रक्तामागून पाच-दहा मिनिटांनी पोचते. साखर स्थिर असेल तर काही बिघडत नाही. वेगाने बदलत असेल तर बिघडतं. म्हणून आकड्याहून बाण महत्त्वाचा. आडवा बाण म्हणजे बदल मिनिटाला, डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी, तिरपा म्हणजे १ ते २, सरळ उभा म्हणजे २ हून जास्त. समजा फोनवर ८५ दिसतंय आणि बाण सरळ खाली आहे. दहा मिनिटं मागे असलेला तो आकडा, मिनिटाला २ ने घसरण: रक्तात या क्षणी ६५ च्या आसपास असू शकतं. '८५ आहे, ठीक आहे' म्हणून स्कूटर काढली तर रस्त्यातच घाम फुटेल. उलटही होतं. साखर उतरली म्हणून १५ ग्रॅम ग्लुकोज घेतलं, पाच मिनिटांनी स्कॅन केलं, तर सेन्सर अजून घसरणच दाखवतो. माणूस घाबरून आणखी खातो, वर लाडू खातो, आणि तासाभराने ३०० ला पोचतो. साखर उतरल्यावर १५ मिनिटांनी बोटावर तपासा, सेन्सरवर नव्हे.

अचूकतेचा आकडाही समजून घ्या. पहिल्या लिब्रेच्या २०१५ मधल्या अभ्यासात रक्ताच्या तुलनेत सरासरी फरक ११.४ टक्के होता. म्हणजे खरी साखर २०० असताना सेन्सरने १८० किंवा २२० दाखवलं तर तो बिघडलेला नाही. ग्लुकोमीटरलाही आंतरराष्ट्रीय निकषात १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे मुभा आहे. तेव्हा दोन यंत्रं शेजारी धरून भांडण लावण्यात अर्थ नाही. आणि बोट तपासताना हात धुतले होते का? मानकुराद आंबा सोलून, नुसते पुसलेल्या बोटाने घेतलेला थेंब सहज खोटा चढलेला आकडा देतो. तुलना करायचीच असेल तर जेवणाआधी, बाण आडवा असताना, धुतलेल्या कोरड्या हाताने करा. लक्षणं एक सांगतात आणि सेन्सर दुसरंच, असं झालं की लक्षणांवर विश्वास ठेवून बोट टोचायचं.

रात्री एक वेगळा घोळ होतो. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे तिथला द्रव आणि रक्तप्रवाह कमी होतो आणि आलेखात मध्यरात्री दोन-तीन वाजता खोल खड्डा दिसतो. कूस बदलली की तो आपोआप भरतो. डॉक्टरने हा खड्डा खरा धरून रात्रीचं इन्सुलिन कमी केलं तर सकाळची साखर उगीच चढेल. म्हणून ज्या कुशीवर झोपता तिच्या उलट्या दंडावर लावा, आणि खड्डा रोज त्याच वेळी येतो की एखाद्याच रात्री, ते बघा.

सेन्सरमध्ये फक्त ८ तासांचा साठा मावतो, दर १५ मिनिटांचा एक. नवव्या तासाला स्कॅन केलं तर पहिला तास पुसला गेलेला असतो. रात्री ११ ला आणि सकाळी ६ ला स्कॅन करणाऱ्याला अडचण नाही. हॉटेलात रात्रपाळी करून दिवसा सलग झोपणाऱ्यांच्या आलेखात मात्र भोकं पडतात. फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ नेऊन स्कॅन करायची सोय, हवी. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती नसते, आणि हे सेन्सर लावल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन आधी बघा. वेगळा रीडरही मिळतो. फोन आणि रीडर दोन्ही वापरायचे तर सेन्सर आधी रीडरने सुरू करायचा आणि पहिल्या तासातच फोनने स्कॅन करायचा. उलट क्रमाने केलं तर रीडर त्या सेन्सरला ओळखतच नाही. मुलं लंडनला नाहीतर आखातात आणि आई-बाबा डिचोलीत अशी घरं गोव्यात पुष्कळ. लिब्रेलिंकअप ॲपमध्ये आईने केलेलं स्कॅन मुलांना तिथे दिसतं. पण तिने स्कॅन केलं तरच. हेही काम रुग्णाकडेच राहिलेलं आहे.

किंमत साधारण पाच हजारांच्या आसपास, दुकानागणिक कमी-जास्त. महिन्याला दोन म्हणजे दहा हजार. टाईप १ असलेल्या किंवा दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला हा खर्च जड असला तरी समजण्यासारखा आहे. गोळ्यांवर असलेल्याने बारमाही लावायची गरज नाही. तीन-चार महिन्यांतून एक सेन्सर, पण तो चौदा दिवस वहीसकट. वहीशिवाय सेन्सर म्हणजे नुसती वर-खाली जाणारी रेघ. वहीत वेळ, काय आणि किती खाल्लं, चाललात किती, गोळी कधी घेतली, एवढं पुरे. मग एकेक गोष्ट बदलून बघा. सोमवारी दुपारी नेहमीएवढा उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, मंगळवारी तेच ताट पण आधी भाजी आणि मासळी, भात शेवटी. बुधवारी तेच, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. जेवणाआधी, तासाने आणि दोन तासांनी स्कॅन. पदेराकडची पोई आणि पांढरा पाव यांचीही अशीच परीक्षा घ्या. पोई तपकिरी दिसते म्हणून ती कमी चढवते असं धरून चालू नका, तुमच्या शरीराला विचारा. उर्राक किंवा फेणी घेतली असेल तर झोपताना आणि पहाटे स्कॅन हवंच. दारू पचवताना यकृत साखर सोडायचं काम मागे टाकतं, आणि इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर पहाटे साखर बरीच खाली जाते.

चौदा दिवसांनी डॉक्टरांकडे नेताना तीन आकडे बघा. ७० ते १८० मध्ये किती वेळ गेला: बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य ७० टक्क्यांहून जास्त. ७० च्या खाली: ४ टक्क्यांहून कमी. आणि स्कॅनची माहिती किमान ७० टक्के भरलेली हवी, नाहीतर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. वयस्क आणि एकटं राहणाऱ्यांसाठी खालची मर्यादा आणखी कडक, १ टक्का. अहवालातला जीएमआय हा सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला एचबीए१सीचा (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) अंदाज असतो: सरासरी १५४ असेल तर तो ७.० येतो. प्रयोगशाळेतल्या एचबीए१सीशी तो जुळला नाही तर रक्तक्षय आहे का तेही तपासायला सांगा.

पूर्णपणे कातडीखाली राहणारा एव्हरसेन्सही जगात आहे. तो डॉक्टर छोटा छेद देऊन बसवतात, आणि त्याच्या ३६५ दिवसांच्या आवृत्तीला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ऐकायला सुटसुटीत वाटतं, पण दंडावर रोज ट्रान्समीटर चिकटवायचा, तो चार्ज करायचा आणि मधूनमधून बोट टोचून आकडा द्यायचा ही कामं त्यात परत आली. आमच्या कसोटीवर लिब्रेच वरचढ ठरतो.

एमआरआय, सीटी स्कॅन किंवा एक्स-रे ठरला असेल तर सेन्सर काढावा लागतो, आणि काढलेला परत लावता येत नाही. तारीख हातात असेल तर जुना संपतो त्या दिवसाची घ्या.

काढताना कडेला खोबरेल चोळून पाच मिनिटं थांबा, मग एका बाजूने हळू सोला. जागा धुवा आणि पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा. काढलेल्या चकतीत बॅटरी असते, ती ई-कचऱ्यात टाका. लावून झालेल्या ॲप्लिकेटरच्या आत सुई असते. तो टोपण घट्ट फिरवून जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि डबा भरला की दवाखान्यात द्या. दारात येणाऱ्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला तर तो हाताने वेगळं करणाऱ्या बाईच्या बोटात जातो.